नानीचा आवाज कुणाच्या फोनमध्ये आहे?

माझी नानी वारली तेव्हा घरात लहानमोठ्यांचे मिळून चौदा मोबाइल होते. जियारतीच्या दिवशी संध्याकाळी, पाहुणे निघून गेल्यावर, माझ्या भाचीने सगळ्यांचे फोन एकेक करून मागून घेतले आणि नानीचे व्हिडिओ शोधायला बसली. भाट्याच्या किनाऱ्यावरच्या लाटा सापडल्या, ईदच्या शिरखुर्म्याच्या वाट्या सापडल्या, मांजरीची पिल्लं तर शंभरएक वेळा सापडली. नानीचा एकच व्हिडिओ निघाला, अकरा सेकंदांचा. त्यात ती मागच्या पडवीत मासे साफ करता करता मान वर करते आणि म्हणते, "बंद कर रे तो मोबाइल." आणि तो बंद होतो.

भाची तेव्हा नववीत होती. तिने मला विचारलं, "खाला, नानीच्या आईचं नाव काय होतं?"

मला सांगता आलं नाही. माझ्या बहिणीला नाही, मामूंना नाही. आमच्या नानांच्या खानदानाचा शजरा मात्र माजघरात लाकडी चौकटीत लावलेला आहे, सात पिढ्यांचा, सुरेख उर्दू अक्षरांत. त्यात एकाही बाईचं नाव नाही. भाचीने तो शजरा वरपासून खालपर्यंत वाचला आणि एवढंच म्हणाली, "मग ही सगळी मुलं कुणी जन्माला घातली?"

हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही. हे वाचणाऱ्यांनी आत्ता, या ओळीवर थांबून, आपल्या नानीच्या आईचं नाव आठवून पाहावं. आठवलं तर माशाअल्लाह. नाही आठवलं, तर घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला बोलवा. त्यांच्या हातात जे यंत्र दिवसभर असतं, त्याचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

किशोरवयीन मुलांनी स्वतःच्या घराची, स्वतःच्या माणसांची फिल्म करावी, ही कल्पना मोबाइलच्याही आधीची आहे. न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन गुडमन यांनी 1984 साली एज्युकेशनल व्हिडिओ सेंटर ही संस्था सुरू केली. सरकारी शाळांतल्या मुलांना कॅमेरा द्यायचा आणि आपल्या वस्तीत, आपल्या घरात जे दिसतं त्याचा माहितीपट करायला शिकवायचं, हे तिचं काम. 1996 पासून जो रिचमन यांनी अमेरिकेतल्या मुलांना टेपरेकॉर्डर देऊन रेडिओसाठी त्यांच्या रोजनिश्या बोलत्या केल्या. या दोन्ही कामांत मोठ्यांनी एक गोष्ट पाळली : मुलांच्या तोंडी आपले शब्द घातले नाहीत.

आपल्या मराठी जगातलं उदाहरण हवं तर अर्चना फडके यांचा 'अबाउट लव्ह' हा 2019 चा माहितीपट आहे. दक्षिण मुंबईतल्या फडके कुटुंबाच्या स्वतःच्या घरात तीन पिढ्या राहतात, आणि घरातलीच मुलगी आजी-आजोबांचं, आई-वडिलांचं जगणं टिपत राहते. घरातल्या बायकांनी काय सोसलं, कशावर त्या हसल्या, हे सगळं त्यात येतं. दिग्दर्शिका किशोरवयीन नाही, पण आपल्या मुलामुलींना ही फिल्म समजेल, कारण त्यात मोठं असं काही घडत नाही. आपल्या घरात घडतं तेवढंच घडतं.

मालेगावचं नाव इथे घ्यायलाच हवं. लग्नांचे व्हिडिओ आणि व्हिडिओ पार्लर यांतून शिकलेल्या शेख नासिर यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला आणि यंत्रमागाच्या गावात सिनेमाचं वेडच पसरलं. त्या वेडावर फैज़ा अहमद ख़ान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. कॅमेरा ही बड्या लोकांची चीज नाही, हे मालेगावच्या मुस्लिम कारागिरांनी मोबाइल यायच्या आधीच दाखवून दिलं. मला फक्त एक खंत वाटते. त्यांनी शोले केला, सुपरमॅन केला. मागावर बसलेल्या बापाची फिल्म मात्र बाहेरून आलेल्या दिग्दर्शिकेला करावी लागली.

रत्नागिरीत शोधलेलं एक घराणं

रत्नागिरीत कुटुंबाच्या शोधावरची एक फिल्म खरोखरच झाली आहे, आणि ती राजघराण्याची आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली गादीवरून उतरवलं आणि 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. तीस वर्षं तो इथे राहिला आणि डिसेंबर 1916 मध्ये इथेच वारला. आपल्याकडच्या शाळेच्या सहली थिबा पॅलेसला जातात, मुलं तिथल्या कठड्यावर फोटो काढतात आणि परत येतात. त्याच्या बरोबर उलट दिशेने, 1858 मध्ये, बहादूरशाह जफर यांना दिल्लीहून रंगूनला नेलं होतं. 1862 साली ते तिथे वारले. एका देशाचा बादशाह दुसऱ्याच्या मातीत आणि दुसऱ्याचा राजा आपल्या मातीत. इंग्रजांची ही अदलाबदल आपल्या मुलांना माहीत असावी.

थिबाची कुटुंबीय मंडळी 1919 मध्ये परत गेली. पण थोरल्या राजकन्येचं मन रत्नागिरीच्या गोपाळ सावंत यांच्याशी जुळलं होतं. त्यांची मुलगी टुटू. ती रत्नागिरीतच वाढली, मराठीच बोलली, इथेच तिचा संसार झाला, गरिबीत दिवस काढले आणि 2000 साली ती इथेच वारली. राजाची नात आपल्या गावच्या बाजारात भाजी घेत होती आणि कुणी मागे वळून पाहत नव्हतं. 2016 च्या डिसेंबरात थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा म्यानमारहून त्याचे वंशज रत्नागिरीत त्याच्या कबरीवर आले. ब्रिटिश दिग्दर्शक अॅलेक्स बेस्कोबी यांनी या वंशजांच्या शोधावर 'वी वेअर किंग्ज' हा माहितीपट 2017 मध्ये केला.

आम्ही कोण, हा त्या फिल्ममधला प्रश्न आहे. राजघराण्यातल्या माणसांना तो पडला, म्हणून परदेशातून कॅमेरे आले. राजिवड्यातल्या, मिरकरवाड्यातल्या, साखरतरच्या घरांना तोच प्रश्न पडतो तेव्हा कुणी येत नाही. घरातलाच कुणीतरी उभा राहायला हवा.

पेटीत काय काय असतं

आपल्या कोकणी मुस्लिम घरांत सांगण्यासारखं काही नाही, असं म्हणणाऱ्यांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडावी. जहाजावर गेलेल्या आजोबांची नोंदवही, जिला जुने खलाशी 'नली' म्हणायचे, त्यात बंदरांचे शिक्के आणि एक करड्या रंगाचा फोटो. आखातातून आलेली पत्रं. कॅसेटी. एखादं केपटाउनचं पाकीट.

केपटाउनचं जरा सविस्तर सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणातले, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातले कितीतरी मुस्लिम दक्षिण आफ्रिकेत गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारने नियम केला : गावी जाऊन परत यायचं असेल तर परवाना घ्या, आणि त्यावर फोटो आणि बोटांचे ठसे द्या. इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी त्या परवान्यांचा आणि फोटोंचा अभ्यास केला आहे. हे वाचताना माझ्या लक्षात आलं, की आपल्या अनेक खानदानांतला सगळ्यात जुना फोटो हौसेने काढलेला नाही. तो सरकारला दाखवायला काढलेला आहे. टोपी नीट बसवलेली, नजर समोर, हसणं नाही. आमच्या पणजोबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं ते परवानगी मागण्यासाठी.

2019-20 च्या थंडीतही घरोघरी ट्रंका उघडल्या गेल्या होत्या, शाळा सोडल्याचे दाखले आणि सातबारा शोधायला. आमच्याकडेही ती कागदं कॉटवर पसरली होती. त्या रात्री प्रत्येक कागदामागचा माणूस कोण होता, हे कुणी विचारलं नाही. जन्मतारीख आणि स्पेलिंग एवढंच पाहिलं. मला वाटतं, पोरांच्या फिल्मची सुरुवात त्याच कागदांपासून व्हावी. कागद तेच, पण आता ते कुणाला काही सिद्ध करून दाखवण्यासाठी काढायचे नाहीत. दादाजींनी या सहीसाठी किती दिवस बोट थांबवली, या फोटोतला कोट कुणाचा उसना आणला होता, हे विचारायचं.

कॅसेटींचंही तसंच. ज्यांचे वडील सत्तर-ऐंशीच्या दशकात दुबई, कुवेत, सौदीला होते, त्यांना आठवत असेल. फोन परवडत नसे. टेपरेकॉर्डरभोवती सगळं घर बसायचं, सलाम करायचं, तब्येत सांगायची, आंबा किती लागला ते सांगायचं, आणि ती कॅसेट कुणी जाणाऱ्याच्या हाती द्यायची. इंग्लंडमधल्या पाकिस्तानी कुटुंबांनीही हेच केलं होतं. तिथले ध्वनी-कलाकार वाजिद यासीन यांनी स्वतःच्या घरातल्या अशा कॅसेटींपासून सुरुवात करून 'टेप लेटर्स' नावाचा मोठा संग्रह उभा केला. त्यातल्या पुष्कळ कॅसेटी पोठवारी बोलीत आहेत. ती बोली क्वचितच लिहिली जाते. आई मुलाशी जशी बोलायची तशी ती त्या फितीतच राहिली आहे.

आपली कोकणी बोली याहून वेगळ्या स्थितीत नाही. रत्नागिरीतला आपला मुलगा शाळेत उर्दू किंवा इंग्रजी, बाजारात मराठी, मोबाइलवर हिंदी आणि घरात दादीशी कोकणी बोलतो. मुंबईचे चुलतभाऊ सुट्टीत आले की चौथी भाषा गप्प होते. त्या बोलीत केलेली फिल्म बाहेरच्याला कळणार नाही, असं मुलं म्हणतात. खाली मराठी ओळी टाकता येतात, मोबाइलवरच टाकता येतात. पण दादीला शुद्ध बोलायला लावलं की ती दादी राहत नाही, बालवाडीच्या बाई होते.

आणि कोकणातली हवा कुणाची वाट बघत नाही. एका पावसाळ्यात फोटोंवर बुरशीची पांढरी नक्षी उठते. कॅसेटची फीत चिकटते. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये पाणी चढलं, तेव्हा लोकांनी आधी माणसं वाचवली, मग जनावरं, मग दागिने. अल्बम कुणाच्या लक्षात येणार? चिखलातून काढलेले ते अल्बम नंतर कोरडे केले तरी पानं एकमेकांना सोडेनात.

तोंड दाखवायचं नाही, मग?

इथे आपल्या घरांतला खरा अडसर येतो आणि तो टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. आपल्याकडे पुष्कळ बायका कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. काहींना ते दीनमध्ये पटत नाही, काहींना पसरण्याची भीती वाटते, काहींना नुसती लाज. फोटोबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही, तो माझा अधिकार नाही. पण ज्या बाईला नको आहे तिला 'आजकाल सगळेच काढतात' म्हणून भाग पाडणं हे मला कुठल्याच बाजूने बरोबर वाटत नाही. पोराचा हट्ट आणि म्हातारीची मर्जी यांत मर्जी मोठी.

फिल्मला चेहरा लागतोच असं नाही. आवाज लागतो. हात लागतात. सांदणाचं पीठ घोटणारे हात, कोळंबी सोलणारे हात, तसबीह फिरवणारी बोटं. मागचं दार, चुलीवरची काजळी, ओट्यावर ठेवलेली चप्पल. बोलणारी बाई दिसत नाही आणि तिचं घर दिसतं, अशी फिल्म मी पाहिली आहे. चेहरा असता तर आपण चेहराच बघत बसलो असतो.

भाचीने नानीच्या धाकट्या बहिणीला गाठलं. तिला आम्ही छोटी नानी म्हणतो, वय ऐंशीच्या पुढे, राहते राजिवड्याला. छोटी नानीने आधी साफ नकार दिला. मग म्हणाली, पाठमोरी बसेन. मग एका दुपारी कोळंबी सोलायला बसली आणि म्हणाली, "पहिलं सांग, हे कोण कोण बघणार?"

हा प्रश्न इतका चांगला आहे, की फिल्म करणाऱ्या प्रत्येक मुलाने तो आधी स्वतःला विचारावा. भाची म्हणाली, घरातले. छोटी नानी म्हणाली, "घरातले म्हणजे कोण?" तेव्हा बसून यादी झाली. एकोणीस नावं. जावयांपैकी दोघांना वगळलं.

त्या दुपारी आम्हाला नानीच्या आईचं नाव कळलं. ते मी इथे लिहीत नाही, छोटी नानीची तशी अट आहे. बाकीचं लिहायची परवानगी तिने दिली. नाव कळलं आणि त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट कळली, जी घरात पन्नास वर्षं कुणी बोललं नव्हतं. त्या आईचा नवरा जहाजावर गेला होता तो समुद्रात बुडाला, असं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तो बुडाला नव्हता. दुसऱ्या बंदरात त्याने दुसरं घर केलं होतं. दोन मुलींना तिने लोकांच्या पापड-लोणच्यांवर वाढवलं, आणि लोकांना सांगत राहिली की समुद्राने नेला.

हे ऐकल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. मामू म्हणाले, हे काढून टाक. खानदानाची इज्जत आहे, मेलेल्या माणसाचा ऐब उघडा करायचा नसतो. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. दुसऱ्याच्या दोषावर पडदा टाकावा, ही आपल्या दीनची शिकवण आहे, आणि गीबत किती वाईट ते आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. व्हिडिओच्या बाबतीत तर ही शिकवण जास्तच लागू पडते. तोंडून निघालेला शब्द विरतो. फोनमधून गेलेली क्लिप कधीच विरत नाही. वहिनीच्या माहेरच्या ग्रुपवर गेलेली एक क्लिप एखाद्या घराचं काय करू शकते, हे मी जवळून पाहिलं आहे.

पण मामूंचं मला पूर्ण पटलं नाही. पडदा कुणावर टाकायचा? दोष ज्याचा होता त्याच्यावर टाकला, त्याच्याखाली ती बाईसुद्धा झाकली गेली. तिचं कष्टाचं आयुष्य झाकलं गेलं, नाव झाकलं गेलं, आणि शजऱ्यात तिचा नवरा मात्र ठळक अक्षरांत उभा आहे. शेवटी निर्णय छोटी नानीवर सोपवला. ज्याचं दुःख आहे, त्याला विचारावं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "माझ्या बापाबद्दल काही वाईट बोलू नको. पण माझ्या आईने पापड लाटले ते राहू दे." भाचीने तेवढंच ठेवलं. दुसऱ्या बंदराची गोष्ट फिल्ममध्ये नाही. पण तो बुडाला, असंही त्यात कुठे म्हटलेलं नाही.

पंधरा वर्षांच्या मुलीला हे सुचलं, याचं मला अजून नवल वाटतं. खोटं बोलली नाही आणि कुणाला उघडंही पाडलं नाही.

कुणाकडून ऐकलंस?

आपल्या मुलांना माहितीपट हा शब्द परका वाटेल, पण त्यातली शिस्त आपल्या घरची आहे. हदीस गोळा करणाऱ्यांनी काय केलं? गावोगाव फिरले, आणि प्रत्येक सांगणाऱ्याला विचारलं, हे तू कुणाकडून ऐकलंस, त्याने कुणाकडून ऐकलं? ती साखळी, इस्नाद, नीट असेल तरच पुढे घेतलं. सांगणारा विश्वासाचा आहे का, त्याची स्मरणशक्ती कशी आहे, हेही तपासलं. इस्नादचं महत्त्व मदरशात शिकणाऱ्या मुलाला माहीत असतं. घरात दादी काही सांगते तेव्हा मात्र 'दादी सांगते' एवढ्यावर तो थांबतो. दादीला कुणी सांगितलं? ती स्वतः तिथे होती का? तेव्हा तिचं वय काय होतं? हे तीन प्रश्न विचारले की निम्म्या दंतकथा गळून पडतात आणि उरतं ते दंतकथेहून चांगलं असतं. अरबस्तानातून आलेल्या जहाजापासून सुरू होणारा खानदानाचा इतिहास ऐकायला गोड असतो. पण दादीची दादी कुठल्या विहिरीचं पाणी भरायची, हे तिने स्वतः पाहिलेलं असतं.

शाळेतही हे आता अभ्यासक्रमात आहे. आपल्या राज्य मंडळाच्या आठवीच्या इतिहासात दृक्-श्राव्य साधनांचा धडा आहे, दहावीच्या पुस्तकात उपयोजित इतिहास आहे, प्रसारमाध्यमे आणि इतिहास असं एक प्रकरणच आहे. धडा वाचायचा, प्रश्नोत्तरं पाठ करायची आणि प्रकल्पाची वही स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणायची, ही आपली रीत. घरात ऐंशी वर्षांचं जिवंत साधन पान लावत बसलेलं असतं आणि मुलगा गुगलवरून 'मौखिक साधने' छापून आणतो. शिक्षकांनी एक वर्ष छापील प्रकल्प घ्यायचं बंद करून पाहावं.

विचारायचं काय, हे मुलांना सुचत नाही. 'तुमच्या जीवनाबद्दल सांगा' म्हटलं की म्हातारी माणसं 'अल्लाहचा फज्ल आहे' म्हणून गप्प होतात. वस्तू हातात द्यावी. अंगठी, कुवेतचं घड्याळ, लग्नातला लोटा. किंवा दिवस विचारावा. 2 ऑगस्ट 1990 ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं, तेव्हा आपल्या किती घरांतले पुरुष तिथे अडकले होते. एअर इंडियाने 59 दिवसांत 488 फेऱ्या करून लाखावर माणसं परत आणली. त्यावर हिंदी चित्रपटही निघाला, मुलांनी तो पाहिलेला असतो. पण तेव्हा अब्बा कुठल्या रस्त्याने जॉर्डनपर्यंत पोहोचले, आणि इकडे अम्मीने त्या दिवसांत चूल कशी पेटवली, हे त्यांनी कधी विचारलं नाही. एवढा एक प्रश्न विचारला की बाकीची दुपार आपोआप जाते.

थोडं कामाचंही सांगून टाकते, कारण चांगल्या फिल्म नुसत्या आवाजापायी वाया जातात. फोन आडवा धरा. विमानवाला मोड चालू करा, नाहीतर नेमका बोलण्याच्या मध्यात रिचार्जचा फोन येतो. पंखा बंद करा, पत्र्यावर पाऊस असेल तर थांबा. शे-दोनशे रुपयांचा कॉलरला लावायचा माइक महागड्या फोनपेक्षा जास्त उपयोगी आहे. प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. म्हातारी माणसं थांबतात ते विसरली म्हणून नव्हे. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव स्वतःच्या आवाजात सांगा. दोन तास रेकॉर्ड झालं तर दहा मिनिटांची फिल्म होते, पण ते दोन तास पुसू नका. एक प्रत फोनबाहेर ठेवा. संगीत घालू नका. हे शेवटचं मुलांना पटत नाही, भाचीलाही पटलं नव्हतं. तिने आधी एक दुःखी बासरी घातली होती.

जूनच्या 1 तारखेपासून मासेमारी बंद होते. मिरकरवाड्याच्या बोटी ओळीने उभ्या राहतात, जाळी विणायला अंगणात येतात आणि वर्षभर समुद्रावर असलेले बाप दोन महिने घरी असतात. शाळा नुकतीच सुरू झालेली असते, अभ्यास डोक्यावर चढलेला नसतो. मुलांनी बापाशी बोलायला याहून बरी वेळ नाही. जाळं विणता विणता माणूस बोलतो. समोर बसवून, कॅमेरा रोखून, अब्बा आता बोला म्हटलं तर तो उठून बंदरावर जाईल.

भाचीची फिल्म बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी दाखवली. टीव्हीला वायर जोडली, यादीतली सतरा माणसं आली. बारा मिनिटांची फिल्म. सुरुवातीला काळा पडदा आणि छोटी नानीचा आवाज, मग कोळंबी, मग हात. तिच्या आईचं नाव तिने उच्चारलं तेव्हा मामू खिडकीकडे बघत होते. छोटी नानी पुढच्या खुर्चीवर बसली होती, स्वतःचे हात टीव्हीवर बघून म्हणाली, "इतक्या सुरकुत्या कधी आल्या?"

शेवटी भाचीने ती अकरा सेकंदं लावली होती. मासे, मागची पडवी, नानी मान वर करते आणि म्हणते, "बंद कर रे तो मोबाइल." सगळे हसले. छोटी नानी हसली नाही. तिने भाचीचा हात धरला आणि म्हणाली, "परत लाव."